उत्तम मनुष्य कोणी ठरवावयाचा?

(नागपूर येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकिलांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



आजचा विषय मी विचारपूर्वक निवडला आहे. मनुष्याच्या शरीरात व बुद्धीत विज्ञानाच्या साहाय्याने बदल घडवून आणण्याची साधने आता प्रयोगशाळेच्या बाहेर पडू लागली आहेत. ती कोणासाठी, कोणाच्या संमतीने व कोणत्या मर्यादेत वापरावीत, हा तो विषय होय. हा वाद पंडितांचा आहे, आपणां कष्टकरी कुटुंबांना त्याच्याशी काय कर्तव्य, असे आपल्यापैकी कित्येकांस वाटत असेल. परंतु ज्यांच्या पूर्वजांना केवळ जन्मावरून हीन ठरविण्यात आले, त्यांनीच जन्मापूर्वी मनुष्य घडवू पाहणाऱ्या विद्येकडे सर्वांआधी लक्ष दिले पाहिजे, असे माझे मत आहे. शिवाय या विद्येने मनुष्याच्या ज्या रोगावर आपले पहिले मोठे यश मिळविले, तो रोग विदर्भातील आपल्याच घराघरांतून वावरत आहे. मी सिकलसेलविषयी बोलत आहे.

प्रथम हा रोग काय आहे ते थोडक्यात सांगतो. आपल्या तांबड्या रक्तपेशीत हिमोग्लोबिन नावाचा पदार्थ असतो. त्याच्या एका साखळीत 146 दुवे असतात. त्यांपैकी सहाव्या दुव्याच्या जागी भलताच दुवा बसला, की प्राणवायू कमी पडताच ती पेशी विळ्यासारखी वाकडी होते. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते; वाकडी पेशी दहा-वीस दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्त कमी पडते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात व हाडांत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. रोग हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 साली दाखविले. ज्या मुलास हा दोष आई व बाप या दोघांकडूनही येतो, ते रुग्ण होते. ज्यास एकाकडूनच येतो, ते वाहक असते व सामान्यतः निरोगी आयुष्य जगते.

आता उपायाकडे वळू. 2012 साली जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पांटिए या दोन स्त्री-शास्त्रज्ञांनी क्रिस्पर नावाचे साधन जगापुढे ठेवले. त्याबद्दल त्यांना 2020 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या साधनाने पेशीतील जनुकाच्या लांबलचक मजकुरात ठरविलेली जागा शोधून तेथेच कात्री लावता येते. सिकलसेलवरील उपचारात रुग्णाच्याच मूळपेशी शरीराबाहेर काढतात. त्यांत असा बदल करतात की, जन्मापूर्वी गर्भात असताना जे हिमोग्लोबिन तयार होत असते व जन्मानंतर जवळजवळ बंद पडते, ते पुन्हा तयार होऊ लागावे. मग त्या पेशी रुग्णाच्या शरीरात परत सोडतात. या उपचारास ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये व अमेरिकेने डिसेंबर 2023 मध्ये मान्यता दिली. अमेरिकेत ज्या 31 रुग्णांचे निष्कर्ष मान्यतेच्या वेळी विचारात घेतले गेले, त्यांपैकी 29 जणांना सलग बारा महिने वेदनेचा एकही तीव्र झटका आला नाही. ज्या आईने आपल्या लेकराला रात्ररात्र तळमळताना पाहिले आहे, तिला या आकड्याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

या विद्येविरुद्ध एक जुना आक्षेप लगेच पुढे येतो. शरीर हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ आहे, निसर्गाने जे दिले त्यात हात घालू नये, असे सांगितले जाते. ज्या शिकवणुकीने आपल्या दारिद्र्याला व अस्पृश्यतेला पूर्वकर्माचे नाव दिले, तिच्या तोंडून हा उपदेश ऐकण्याचे आपणांस कारण नाही. आजारी भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला पाहून भगवान बुद्धांनी त्याला आनंदाच्या साहाय्याने स्वतः स्नान घातले, मंचकावर निजविले व रुग्णाची सेवा करण्याचा नियम संघाला घालून दिला, ही कथा विनयपिटकात आहे. तुझे पूर्वजन्मीचे पाप कोणते, असे त्यांनी त्या भिक्खूस विचारले नाही. दुःखाला कारण असते व ते कारण दूर करता येते, हीच ज्याच्या धम्माची पहिली शिकवण आहे, त्याने औषधाला अधर्म म्हणणे शक्य नाही.

आणि निसर्गात हात घालावयाचाच नाही असे म्हटले, तर देवीची लसही टोचून घेता येणार नाही. लसीने मनुष्याच्या शरीरात पूर्वी नसलेली शक्ती उत्पन्न होते. तीही एक सुधारणाच होय. त्या सुधारणेमुळेच देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा 1980 साली करता आली. बुद्धीच्या सुधारणेचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरात आहे. गर्भवती स्त्रीच्या आहारात आयोडीन कमी पडले, तर बालकाच्या मेंदूची वाढ खुंटते. हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांनी 1956 साली एक प्रयोग आरंभिला व आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो, हे सिद्ध केले. ते मीठ आज मजुराच्या झोपडीत व मालकाच्या बंगल्यात सारखेच आहे. त्याने कोणाच्याही मुलाला दुसऱ्याच्या मुलाहून वरचढ केले नाही. त्याने अनेकांना त्यांच्या हक्काची बुद्धी मिळवून दिली. अशा सुधारणेला माझा दोन्ही हात वर करून पाठिंबा आहे.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, हेच साधन जन्मलेल्या रुग्णाऐवजी जन्मास यावयाच्या बालकावर चालविता येते व मग तो बदल त्याच्या मुलाबाळांतही उतरतो. चीनमधील हे जियानकुई नावाच्या संशोधकाने नोव्हेंबर 2018 मध्ये जाहीर केले की, भ्रूणावस्थेत जनुके बदललेल्या जुळ्या मुली त्याच्या प्रयोगातून जन्मास आल्या आहेत. मुलींच्या पित्यास एच.आय.व्ही.ची लागण होती. मुलींना ती कधीच होऊ नये म्हणून सी.सी.आर.5 हे जनुक निकामी करण्याचा प्रयत्न केल्याचे त्याने सांगितले. परंतु पित्याकडून बालकास लागण होऊ न देण्याचे साधे उपाय वैद्यकात पूर्वीपासून होते. मुलींना कोणताही रोग नव्हता. शिवाय ते जनुक निकामी असलेल्या माणसांत वेस्ट नाईल या दुसऱ्या विषाणूचा ताप अधिक तीव्र होण्याचा धोका असतो. डिसेंबर 2019 मध्ये चिनी न्यायालयाने त्याला तीन वर्षांचा कारावास व 30 लाख युआन दंड ठोठावला. शिक्षा झाली, ती भोगून तो सुटलाही. परंतु त्या मुलींच्या शरीरातील बदल आयुष्यभर त्यांच्याबरोबर राहणार आहे. त्यांची संमती कोणी घेतली होती? ती घेणे शक्यच नव्हते.

अमेरिकेत तर आज काही कंपन्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या भ्रूणांची जनुके तपासून त्यांतील कोणते मूल अधिक उंच किंवा अधिक बुद्धिमान होईल याचे अंदाज मातापित्यांना विकत आहेत. उंची व बुद्धी यांवर हजारो जनुकांचा तसेच अन्न, शाळा, आजार, घरातील वातावरण यांचा परिणाम होत असल्याने हे अंदाज अतिशय कच्चे आहेत. पण कच्च्या मालालाही गिऱ्हाईक मिळते, कारण आपले मूल दुसऱ्याच्या मुलापेक्षा वरचे असावे ही इच्छा जुनी आहे.

येथे मी मूळ प्रश्नाला हात घालतो. उत्तम जनुक म्हणजे कोणते? सिकलसेलचेच उदाहरण घ्या. इतका घातक दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून कसा राहिला? अँथनी ॲलिसन या संशोधकाने 1954 साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून त्याचे उत्तर दिले. ज्याच्या रक्तात या दोषाचा एकच अंश असतो, त्या बालकास घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाने ग्रासलेल्या प्रदेशात असे वाहक अधिक जगले व म्हणून हे जनुक टिकले. आफ्रिकेत असे झाले व हिंदुस्थानच्या जंगलपट्ट्यांतही असेच झाले. म्हणजे जे जनुक दुहेरी आले तर मूल मारते, तेच एकेरी आले तर मूल वाचविते. आज त्याला आपण दोष म्हणतो. मलेरियाच्या रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या दृष्टीने तोच प्राणरक्षक होता. विसाव्या शतकापूर्वी कोणी सुधारणावाद्याने मनुष्याच्या रक्तातून हे जनुक उपटून टाकले असते, तर त्याने किती बालके मलेरियाच्या तोंडी दिली असती याचा हिशेब करा. सबब, अमुक गुण सर्व काळी व सर्व स्थळी श्रेष्ठ आणि अमुक हीन, अशी यादी निसर्गाने कोठेही लिहून ठेवलेली नाही. ती यादी माणसे लिहितात, आणि ज्यांच्या हाती सत्ता असते ती माणसे लिहितात.

अशी यादी लिहिल्याचा परिणाम जगाने एकदा पाहिला आहे. 1883 साली इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन याने सुप्रजाजननशास्त्र या नावाने चांगल्या वंशाची पैदास वाढविण्याचा विचार मांडला. 1907 साली अमेरिकेतील इंडियाना राज्याने नालायक ठरविलेल्या लोकांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला. पुढे इतर राज्यांनी तसेच कायदे केले. 1927 साली व्हर्जिनिया राज्यातील कॅरी बक या तरुणीचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कायद्याच्या अभ्यासकाने तो पुनःपुन्हा वाचावा असा आहे. ती मंदबुद्धी, तिची आई मंदबुद्धी, व तिची तान्ही मुलगीही मंदबुद्धी, असे सरकारने मांडले. नऊपैकी आठ न्यायमूर्तींनी तिची नसबंदी वैध ठरविली. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होम्स हे त्या देशातील थोर विधिज्ञांत गणले जातात. नंतरच्या संशोधनात काय आढळले? कॅरी मंदबुद्धी नव्हती. ती गरीब होती, परक्याच्या घरी वाढली होती, व त्याच घरच्या एका नातेवाइकाच्या बलात्कारातून तिला मूल झाले होते. जी मुलगी मंदबुद्धी ठरविली गेली होती, ती शाळेत चांगल्या विद्यार्थिनींच्या यादीत आली. अमेरिकेत अशा कायद्यांखाली साठ हजारांहून अधिक माणसांची नसबंदी झाली. जर्मनीत हिटलरने जुलै 1933 मध्ये याच धर्तीचा कायदा केला व सुमारे चार लाख माणसांवर ती शस्त्रक्रिया लादली. तेथून गॅसच्या कोठड्यांपर्यंतची वाट फार लांब नव्हती.

हे परदेशाचे झाले. आपल्या देशात चांगल्या वंशाच्या नावाने काय चालले होते? जातिव्यवस्था ही वंशशुद्धीसाठी निर्माण झाली, असे समर्थन विसाव्या शतकातील सुशिक्षित जात्यभिमानी करू लागले होते. परमपूज्य बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या आपल्या न झालेल्या भाषणात या समर्थनाची चिरफाड केली. आनुवंशिकतेचे जे ज्ञान आधुनिक शास्त्रज्ञांनाही पुरते नाही, ते जाती निर्माण करणाऱ्यांना होते असे मानावे लागेल, असे त्यांनी दाखवून दिले. वंश शुद्ध राखण्यासाठी बेटीबंदी आहे म्हणता, मग रोटीबंदी कशासाठी, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. आणि इतकी शतके निवड केल्यानंतर निपजलेल्या समाजात दहापैकी नऊ माणसे सैन्यभरतीस अपात्र ठरतात, मग ही निवड कसली, असेही त्यांनी विचारले. बाबासाहेबांच्या या युक्तिवादाचे आजही तेवढेच मोल आहे. श्रेष्ठ मनुष्य पैदा करण्याचा दावा कोणीही केला की त्याला हे तीन प्रश्न विचारावेत: तुझ्या ज्ञानाला आधार काय, तुझे नियम त्या हेतूशी जुळतात काय, आणि आजवरचे फळ काय?

भगवान बुद्धांनीही वासेट्ठ नावाच्या ब्राह्मण युवकाला याच दिशेने समजाविले होते. गवत, कीटक, पक्षी, पशू यांच्यात जन्मतःच जातीजातींची वेगळी चिन्हे असतात. मनुष्यामनुष्यांत तसे जन्मजात चिन्ह नाही, असा त्यांचा युक्तिवाद सुत्तनिपातात आला आहे. या नव्या विद्येमुळे एक विलक्षण धोका उत्पन्न झाला आहे. जे चिन्ह निसर्गाने घातले नाही, ते आता पैसा घालू शकेल. श्रीमंताचे मूल उंचीने, रोगप्रतिकाराने, स्मरणशक्तीने वेगळे घडविता आले व तो वेगळेपणा त्याच्या वंशात उतरू लागला, तर मनुने जे केवळ पोथीत लिहिले होते ते रक्तात लिहिले जाईल. पोथी जाळता आली. रक्तातील मजकूर जाळता येणार नाही.

कोणी म्हणेल, ही भीती अवास्तव आहे. आपले लोक इतके निर्दय होणार नाहीत. मी भविष्याचा अंदाज करीत नाही, झालेली गोष्ट दाखवितो. गर्भाची तपासणी करण्याचे तंत्र आले ते गर्भातील रोग ओळखण्यासाठी. आपल्या समाजाने त्याचा उपयोग मुलगी ओळखून पाडण्यासाठी केला. स्त्रियांच्या संघटनांनी आवाज उठविल्यावर महाराष्ट्राने 1988 साली, सर्व राज्यांच्या आधी, त्याविरुद्ध कायदा केला. 1994 साली संसदेने देशासाठी कायदा केला व 2003 मध्ये तो अधिक कडक केला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात 1991 साली 946 मुली होत्या, त्या 2001 साली 913 झाल्या व 2011 साली 894 उरल्या. यंत्र रोग शोधण्यासाठी घेतले होते. समाजाच्या मनात जो पूर्वग्रह होता, तो त्या यंत्राने पुरा केला. ज्या समाजात वधूच्या जाहिरातीत गोरा वर्ण मागितला जातो, त्या समाजाच्या हाती वर्ण निवडण्याचे साधन आले तर ते कोठे चालेल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

या बाबतीत आपला कायदा आज काय म्हणतो, ते सांगणे वकील या नात्याने माझे कर्तव्य आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 व 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वंशात उतरणारा जनुकीय उपचार निषिद्ध ठरविला आहे. 2021 च्या साहाय्यित प्रजनन कायद्याच्या कलम 25 अन्वये भ्रूणाची जनुकीय तपासणी केवळ ज्ञात आनुवंशिक रोगांसाठीच करता येते, आणि कलम 26 अन्वये इच्छेप्रमाणे मुलगा किंवा मुलगी देण्याचा व्यवहार करता येत नाही. म्हणजे उंची व बुद्धी पाहून भ्रूण निवडण्याचा धंदा आपल्या देशात चालविता येणार नाही. ही व्यवस्था योग्य आहे. परंतु वंशात उतरणाऱ्या बदलाविरुद्धचा निर्बंध मार्गदर्शक तत्त्वांत आहे; त्यासाठी शिक्षेची तरतूद असलेला संसदेचा स्वतंत्र कायदा असला पाहिजे, अशी मागणी आपण केली पाहिजे. लिंगनिदानाच्या बाबतीत कायदा तंत्राच्या मागून धावला व तोवर लाखो मुली गेल्या. या वेळी कायदा तंत्राच्या पुढे गेला पाहिजे.

असा कायदा कोणत्या तत्त्वांवर उभा राहावा? माझ्या मते त्याने तीन कसोट्या लावाव्यात. पहिली कसोटी संमतीची. ज्याचे शरीर बदलावयाचे त्याने समजून-उमजून होकार दिला पाहिजे. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणाचा अधिकार संविधानाच्या कलम 21 मध्ये असल्याचा निर्णय दिला. आपल्या शरीराविषयी स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार त्यात येतो. 1976-77 या एका वर्षात या देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या व त्यांत सक्तीचा सर्वांत मोठा भार गरिबांवर पडला, हे विसरून चालणार नाही. आजारी बालकाच्या वतीने आईबाप उपचारास होकार देऊ शकतात, कारण तेथे दुःख दूर करण्याचा हेतू उघड असतो. निरोगी मुलाला आपल्या हौशीप्रमाणे घडविण्याचा होकार त्यांना देता येणार नाही. दुसरी कसोटी समानतेची. जे साधन केवळ धनिकांना मिळेल व त्यांच्या वंशाला वरचढ करील, ते कलम 14 च्या आत्म्याविरुद्ध आहे. जे मिठातील आयोडीनप्रमाणे सर्वांपर्यंत पोहोचविता येईल, ते स्वागतार्ह आहे. तिसरी कसोटी प्रतिष्ठेची. ज्याने उपचार घेतला नाही, ज्याला तो मिळाला नाही, किंवा ज्याच्या रक्तात दोष आहे, तो त्यामुळे कमी दर्जाचा माणूस ठरता कामा नये. कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. जनुकाच्या नावाने ती परत येऊ देणे हा संविधानाचा द्रोह होईल.

या तिन्ही कसोट्या सिकलसेलला लावून पाहा. संमती मिळू शकते व प्रतिष्ठेला धक्का नाही. अडते ते समानतेपाशी. अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे 18 कोटी रुपये आहे. शिवाय त्यासाठी तीव्र रसायनोपचार, सुसज्ज रुग्णालय व महिनोन्‌महिन्यांची देखरेख लागते. अपत्यप्राप्तीची क्षमता गमावण्याचाही धोका असतो. गोंदिया किंवा गडचिरोलीतील शेतमजुराच्या मुलाने ते कोठून आणावे? आशेची एक बाब अशी की, दिल्लीच्या सी.एस.आय.आर. या सरकारी परिषदेच्या जीनोमविषयक संस्थेने याच रोगासाठी स्वदेशी जनुक-उपचार विकसित केला असून नोव्हेंबर 2025 मध्ये तो बिरसा मुंडा यांच्या नावाने जाहीर झाला. तो सर्व चाचण्यांतून पार पडून गरिबाच्या खाटेपर्यंत पोहोचला पाहिजे. तोवर हायड्रॉक्सियुरिया हे जुने व स्वस्त औषध वेदनेचे झटके पुष्कळ कमी करते. ते प्रत्येक आरोग्य केंद्रात अखंड मिळाले पाहिजे. सरकारने 1 जुलै 2023 रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. त्याचा मुख्य रोख आदिवासी क्षेत्रांवर आहे आणि तो योग्यच आहे. परंतु विदर्भातील बौद्ध वस्त्यांतही हा रोग मोठ्या प्रमाणावर आहे, हे शासनापुढे सातत्याने मांडणे आपले काम आहे. कलम 47 ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभरांपैकी 35 बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. ज्या राज्यात अन्नाअभावी मुलांची उंची खुंटते, तेथे उंच मुलांसाठी भ्रूण निवडण्याच्या गोष्टी करणे ही थट्टा आहे.

आता आपल्या घरांविषयी दोन शब्द बोलतो. ते कटू वाटले तरी ऐकून घ्यावेत. विवाहापूर्वी रक्त तपासावे हे चांगले आहे, प्रत्येक तरुण-तरुणीने ते करावे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याचा संभव चारांत एक असतो. एकच वाहक असेल व दुसऱ्याच्या रक्तात थॅलेसेमियासारखा अन्य दोष नसेल, तर मूल रुग्ण होत नाही. हे साधे गणित आहे. परंतु व्यवहारात काय घडते? माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या कुटुंबांत असे प्रसंग मी पाहतो की, मुलगा निर्दोष असूनही मुलगी केवळ वाहक आहे एवढ्यावर ठरलेले लग्न मोडले जाते, आणि तिचा कागद गावभर फिरतो. मुलगा वाहक असेल तर तोच कागद पेटीत दडतो. ज्यांनी शिवाशिवीचे चटके सोसले त्यांनी आपल्याच लेकींना रक्ताच्या कागदावरून अस्पृश्य ठरवावे, याहून लाजिरवाणे ते काय? वाहक मुलगी रोगी नाही. तिचा कागद तिच्या मालकीचा आहे. तो तिच्या संमतीवाचून कोणास दाखविण्याचा अधिकार बापालाही नाही.

दुसरी गोष्ट पोटजातींची. जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, हे बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात सांगितले. लहान वर्तुळात पिढ्यान्‌पिढ्या लग्ने होत राहिली की तोच दोष आईकडून व बापाकडून एकत्र येण्याचा संभव वाढतो. दीक्षा घेतल्यावरही आपण सोयरीक जुळविताना जुनी पोटजात विचारत असू, तर धम्माच्या दृष्टीने ते चुकीचे आहेच, आरोग्याच्या दृष्टीनेही ते नुकसानीचे आहे. वर्तुळ मोठे करा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही व 18 कोटीही लागत नाहीत.

तिसरी गोष्ट हक्कांची. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत सिकलसेलचा समावेश आहे. ठरलेल्या प्रमाणात दिव्यांगत्व असल्याचा दाखला मिळालेल्या विद्यार्थ्यास त्या कायद्याच्या कलम 32 अन्वये उच्च शिक्षणातील पाच टक्के जागांचा लाभ मागता येतो. नोकरीतील चार टक्के आरक्षणाच्या कलम 34 मध्ये मात्र रक्तविकारांचा उल्लेख नाही. ही उणीव दूर करून घेण्यासाठी आपण शासनाकडे निवेदने दिली पाहिजेत. विम्याच्या बाबतीत 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयाने आनुवंशिक विकारांना सरसकट वगळणारी अट भेदभावाची ठरविली, व त्याच वर्षी विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना नव्या आरोग्य विम्यात तशी अट न घालण्याचा आदेश दिला. आपला दावा नाकारला गेला तर गप्प बसू नका. नकार लेखी मागा व तो घेऊन वकिलाकडे या.

बंधुभगिनींनो, माझे सांगणे एवढेच आहे. विद्येला भिऊ नका. तिच्याकडे पाठ फिरविली तर ती दुसऱ्यांच्या हाती राहील व आपल्यावर चालविली जाईल. आपल्या मुलामुलींनी जीवशास्त्र शिकावे, डॉक्टर व्हावे, प्रयोगशाळेत जावे, आणि जेथे हे नियम ठरतात त्या समित्यांवर बसावे. उत्तम मनुष्य कोण, हे ठरविण्याच्या खोलीत आजवर आपल्याला प्रवेश नव्हता. म्हणून आपण नेहमी यादीच्या तळाशी राहिलो. आता त्या खोलीत जाऊन आपण यादीच्या शिखरावर बसण्याची मागणी करावयाची नाही. ती यादीच रद्द करण्याची मागणी करावयाची आहे, आणि त्याच खोलीत उभे राहून प्रत्येक दुखणाईत लेकरासाठी औषध मागावयाचे आहे. येत्या महिन्यात आपल्या वस्तीत रक्ततपासणीचे शिबिर भरेल, तेव्हा पंचमंडळींनी सर्वांआधी स्वतःचे बोट पुढे करावे. म्हणजे कोणत्याही मुलीला एकटीने मान खाली घालून रांगेत उभे राहावे लागणार नाही.

जय भीम!